चौथी पायरी सोडून

पहिली

आमच्या घराच्या दाराला रस्त्यावरून दहा पायऱ्या चढून जावं लागतं. ही हकिगतही मी पायरी पायरीनंच सांगणार आहे, कारण दुसऱ्या कुठल्याही रीतीनं सांगायला बसलो की मध्येच थांबतो. फक्त चौथी पायरी सोडायची. आमच्याकडे येणारा प्रत्येकजण ती सोडत आला आहे. ती बाकीच्यांपेक्षा दीड इंच उंच होती. नवखा माणूस बेसावधपणे चढला की बुटाचं टोक तिला अडायचं आणि तो आमच्या दारात साष्टांग नमस्कार घालायचा. म्हणून पाहुणा फाटकाशी दिसला की आई वरून ओरडायची, "चौथी सोड!" आमच्या घरची 'या, बसा' हीच.

तिच्याखेरीज बाकी सगळ्यांनी सोडायची, असं म्हणायला हवं. कारण चौथी ही आईची बसायची जागा. संध्याकाळचे पाच वाजले की आई, म्हणजे श्रीमती आयान्थी गिटन्स, डोक्याला टोपी घालून दारातून बाहेर यायची, आठ पायऱ्या उतरून दुसरीवर उभी राहायची, वळायची आणि चौथीवर बसायची. तो दीड इंच तिच्या बरोबर कामाचा होता. पायरीची खुर्ची व्हायची. मग दिवे लागेपर्यंत ब्रुकलिनमधली आमची गल्ली तिच्या ताब्यात.

मी सांगतोय त्या वर्षी चौदा ऑगस्टला ती नव्वद वर्षांची होणार होती. गल्ली मंडळानं रस्ता बंद करून सगळ्यांना जेवण घालायचं ठरवलं होतं. तुम्हाला काय हवं, असं विचारायला मंडळ घरी आलं तेव्हा आई म्हणाली, "मला काय हवं असणार? मी माझ्या पायरीवर बसेन. तुम्ही माझ्याकडे बघा."

इतकंच मागणं होतं. आणि मी ती पायरी दुरुस्त करायला घेतली.

दुसरी

आता थोडं माझ्याविषयी. नमनाला घडाभर तेल नको, पण वाटीभर लागेल.

माझं नाव कार्लाइल गिटन्स. एकतीस वर्षं पाणीपट्टीच्या कचेरीत काढून निवृत्त झालो. निवृत्त माणसाला एक विषय लागतो. काहीजण टोमॅटो लावतात. मी घराचा इतिहास लावला. दर मे महिन्यात आमच्या भागात जुनी घरं बघायला लोक येतात, तेव्हा मी बो-टाय लावून आमच्या पायऱ्यांवर उभा राहतो आणि वीस मिनिटं बोलतो. हा तपकिरी दगड कनेक्टिकटच्या खाणीतून नदीनं कसा आला, तो मुळात किती मऊ असतो, कंत्राटदारांनी घाईत तो आडवा लावायचा सोडून उभा कसा लावला आणि म्हणून त्याचे पापुद्रे कसे सुटतात, हे सगळं सांगतो. शेवटी आवाज खाली आणून एक गुपित फोडतो, की हा दगड जेमतेम चार बोटं जाड, मागे सगळ्या साध्या विटाच. आमच्या गल्लीतली सगळी घरं म्हणजे नुसत्या पुढच्या बाजूला इस्त्री केलेले शर्ट. इथे लोक हसतात. अकरा वर्षं हसत आले आहेत.

आणि मग मी हात उंचावून म्हणतो, "परंतु हा जिना! हा मात्र सन अठराशे एकोणनव्वद सालचा. मूळचा. अस्सल."

त्या मे महिन्यात 'अस्सल' म्हणता म्हणता मी ऐटीत मागच्या मागे एक पायरी चढायला गेलो. तिसरीवरून चौथीवर. पुढचं मला लोकांनी सांगितलं. बावीस पाहुणे होते, त्यांपैकी निदान सहाजणांनी फोटो काढले. बो-टाय कानाजवळ आला होता.

तिसरी

"त्या पायरीचा दीड इंच मी काढणार," मी घरात शिरता शिरता जाहीर केलं.

"ती पायरी राहू दे," आई म्हणाली.

"अगं, तुझ्यासाठीच करतोय. नव्वदीला आलीस. एखाद्या दिवशी पडशील."

"बासष्ट वर्षांत मी पडले नाही. पडलास तू. माझ्यासाठी करायचं असेल तर राहू दे."

माझी बायको मार्व्हा भट्टीत भाजायच्या मॅकरोनीवर चीज किसत होती. तिनं वर न बघता विचारलं, "कार्लाइल, पायरीचा दीड इंच काढायचाय की बावीस माणसांच्या डोक्यातून तो फोटो?"

असल्या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं.

डावीकडच्या टॉलिव्हरबाई गल्ली मंडळाच्या अध्यक्ष. वय शहात्तर. मला त्यांनी झबल्यात पाहिलंय, त्यामुळे अजूनही तेवढाच समजतात. त्या म्हणाल्या, "अरे बाळा, उंच पायरी कापायची नसते, खालची उचलायची असते. आमचे हे असते तर एका दुपारी करून दिलं असतं." त्यांचे ते 'हे' कोळ्यालासुद्धा भिऊन खुर्चीवर चढत, हे मला आठवत होतं, पण सल्ला मला पटला. छिन्नी लावण्यापेक्षा थर देणं सोपं. उजवीकडचा एलियट, चार वर्षांपूर्वी घर घेऊन आलेला तरुण, कुंपणावरून म्हणाला, "मिस्टर गिटन्स, तुम्हाला परवानगी काढावी लागेल हं. आपली गल्ली वारसा यादीत आहे. आणि सिमेंट... सिमेंटचं म्हणजे..." त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी सिमेंटची गोणी आणायला गेलो होतो. स्वतःच्या दारात पाय ठेवायला माणसानं परवानगी काढायची?

शनिवारी मी तिसऱ्या पायरीवर दीड इंचाचा थर दिला. तिसरी आणि चौथी यांच्यातला फरक संपला. संध्याकाळी आमचे पाद्रीबाबा आले आणि सवयीनं चौथीला जपत होते, तोवर तिसरीनं त्यांना पाडलं. कारण आता तिसरी उंच झाली होती.

रविवारी मी दुसरीवर थर दिला. सोमवारी पहिलीवर. अशा रीतीनं वडिलार्जित दीड इंच तीन दिवसांत मी एकेक पायरी खाली आणून फुटपाथपर्यंत पोहोचवला. तिथे मात्र थांबावं लागलं. फुटपाथ नगरपालिकेचा आहे.

सिमेंट वाळलं तेव्हा कळलं की ते करड्या रंगाचं असतं. ओलं असताना बरंच तपकिरी वाटलं होतं. खालच्या तीन पायऱ्या हत्तीच्या पायासारख्या दिसायला लागल्या. आई संध्याकाळी उतरली, करड्या दुसरीवर उभी राहिली, चौथीवर बसली. आता चौथी दीड इंच बुटकी झाल्यामुळे तिचे गुडघे वर आले. चौथीची कड तिनं हातानं चाचपून पाहिली, शाबूत आहे ना तेवढं.

चौथी

(सोडा.)

पाचवी

नवव्या दिवशी दाराला नोटीस. संरक्षित वास्तूत विनापरवाना फेरफार. तक्रार कोणी केली हे नोटिशीत लिहीत नाहीत. एलियट त्या आठवड्यात मला दिसला की मांजराशी बोलायला लागायचा, पण मांजर टॉलिव्हरबाईंचं होतं, तेव्हा खात्रीनं काही सांगता येत नाही.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण मी एकतीस वर्षं काचेच्या आतल्या बाजूनं ऐकत आलो होतो. बाहेरच्या बाजूनं ती वेगळी ऐकू येते. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला चुकीचा अर्ज. दुसऱ्या खेपेला बरोबर अर्ज, चुकीची शाई. होय, शाई, मीच लोकांना यावरून परत पाठवत असे. तिसऱ्या खेपेला एका हसतमुख, माझ्या भाचीच्या वयाच्या अधिकारी बाईंनी सगळे कागद घेतले आणि म्हणाल्या, "छान. आता फक्त जुना पुरावा. एकोणीसशे चाळीसच्या सुमारास शहरानं प्रत्येक घराचा फोटो काढलाय. तो जोडा. जिना मुळात जसा होता तसा करायची परवानगी लगेच मिळेल."

"मुळात होता तसाच आहे तो," मी म्हणालो. "अठराशे एकोणनव्वद."

"मग काहीच अडचण नाही!"

सहावी

फोटो एलियटनं शोधून दिला. स्वतःच्या घराचा शोधला तेव्हा त्याला शहराच्या जुन्या फोटोंचं दालन पाठ झालं होतं. तो छापून, पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून, घरी केलेल्या पावासकट तो आला. पाव बघूनच मला संशय यायला हवा होता.

"मिस्टर गिटन्स, आधी बसा."

"बसायचं काय त्यात?"

"बसाच."

फोटोत आमची रांग होती. एकासारखं एक घर, प्रत्येकाला दहा पायऱ्यांचा जिना. टॉलिव्हरबाईंच्या घराला जिना. एलियटच्या घराला जिना. मध्ये आमचं घर.

तिथे जिना नव्हता. वरच्या दाराच्या जागी एक खिडकी होती, तिच्यात वाळत घातलेली पाटलोण होती, आणि खाली, जिन्याखालच्या छोट्या दाराशी, 'खोल्या भाड्यानं' अशी पाटी.

सातवी

"हो, काढून टाकला होता," टॉलिव्हरबाई म्हणाल्या. "तेव्हा लोक घरं खोल्याखोल्यांनी भाड्यानं द्यायचे. जिना कशाला हवा? तुझ्या वडिलांनी घर घेतल्यावर नवा बांधला. सत्तावन्न साल. मी चौदा वर्षांची होते. कोळशाच्या ट्रकमधून सामान आलं होतं. आमच्या इथून दिसत होतं सगळं."

"आणि अकरा वर्षं मी तिथं उभा राहून अठराशे एकोणनव्वद म्हणतोय, तेव्हा तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता!"

"इतकं छान सांगायचास रे. बो-टाय वगैरे. कशाला मोडायचं?"

मी तसाच आईकडे गेलो. ती खिडकीत बसून मटार सोलत होती.

"आई, हा जिना बाबांनी बांधला?"

"डार्न्लीनंच. मग काय पोपनं?"

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू तर लोकांना सांगत होतास." तिनं एक दाणा खाली पडला तो वाकून उचलला. "आता कळलं ना? मग राहू दे तो तसाच."

इथे मला थोडं थांबायला हवं. कारण पुढची गोष्ट मी आजवर मार्व्हाला सोडून कोणाला सांगितलेली नाही. चौथ्या खेपेला त्या हसतमुख अधिकारी बाई फोटो बघून म्हणाल्या होत्या, "असं आहे होय! तीन मार्ग आहेत. जिना काढून टाकून फोटोतल्यासारखं करता येईल. किंवा शेजारच्या घरांवरून बेतून मूळच्यासारखा, सगळ्या पायऱ्या समान उंचीच्या. किंवा हा जिनाही साठ वर्षांचा झालाय, त्याचाही इतिहास आहेच. तेव्हा वरचं सिमेंट तेवढं खरवडा आणि अर्ज मागे घ्या. आमचं काहीच म्हणणं नाही."

काहीच म्हणणं नव्हतं त्यांचं. एका दुपारचं काम होतं.

पण मला गल्लीत तोंड दाखवायचं होतं. पुढच्या मे महिन्यात तिथे उभं राहून मी काय म्हणणार होतो? 'हा जिना माझ्या वडिलांनी, जे दवाखान्यात रोग्यांच्या गाड्या ढकलत, सुट्टीच्या दिवशी मित्रांना जमवून बांधला, आणि त्यांना पायऱ्या सारख्या करता आल्या नाहीत'? मी दुसऱ्या चौकोनात खूण केली. मूळच्यासारखा. अठराशे एकोणनव्वद. योग्य त्या शाईनं.

आठवी

विल्फ्रिदो हा गवंडी एलियटनंच सुचवला. इक्वेडोरचा, मितभाषी, टोपीत पेन्सिल. पाहणी करून म्हणाला, "पंधरा जुलैपर्यंत होईल." आम्ही समजलो पंधरा जुलैपर्यंत होईल.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जिना फोडला. वरच्या दाराखाली दहा पायऱ्यांच्या जागी हवा उरली. सगळ्यांनी जिन्याखालच्या दारानं ये-जा सुरू केली. बाहेरून आत आलं की डावीकडच्या आतल्या जिन्यानं वर. गैरसोय अशी काही नव्हती. आणि आई म्हणाली, "मी त्या दारानं जाणार नाही."

"का? गुडघे दुखतात? मी हात धरतो."

"गुडघ्यांना काय झालंय? मी नाही जाणार."

"अगं, दोन महिने आत बसून राहशील?"

"राहीन."

आणि राहिली. जून गेला. जुलै आला. दिवाणखान्याच्या मजल्यावर, खिडकीत, टोपी घालून. पाच वाजले की टोपी घालायची आणि खिडकीत बसायची. गल्लीतले लोक खालून वर मान करून बोलायचे. टॉलिव्हरबाई खालून ओरडायच्या, "आयान्थी, ये गं खाली, भुयारात कोंडल्यासारखी काय बसलीस!" आई म्हणायची, "भुयार खाली आहे. मी वर आहे." मी मार्व्हाला म्हणालो की म्हातारपणी माणूस हट्टी होतं. मार्व्हा माझ्याकडे बघत राहिली. "म्हातारी ती एकटीच आहे का या घरात?" ती म्हणाली.

अडचणी तर येत होत्याच. जिना फोडायच्या आधीच रंगाचे तीन नमुने कचेरीनं नापास केले होते: पहिला फार लाल, दुसरा फार चॉकलेटी, तिसऱ्याविषयी अधिकारी बाईंनी लिहिलं होतं, 'थोडा उदास'. मग नव्या थराला सावलीत वाळू द्यायचं म्हणून विल्फ्रिदोनं ताडपत्री बांधली, ती वाऱ्यानं एलियटच्या सफरचंदाच्या झाडावर नेली, आणि सफरचंदं नसलेल्या त्या झाडाचं किती नुकसान झालं यावर दोन संध्याकाळी गेल्या.

पण सांगायचं ते हे नव्हे.

जिना फोडला त्या दिवशी विल्फ्रिदोनं मला बाहेर बोलावलं. "हे बघा. सगळं वीट आणि वर सिमेंटचा लेप. खोटा दगड. ही एकच," त्यानं चौथीवर हातोडीची मूठ वाजवली, "ही खरी. अख्खा दगड. चांगला आहे. जुन्या कुठल्यातरी मोठ्या घराचा. हिचं काय करू?"

वरून खिडकीतून आईचा आवाज आला. "कार्लाइल! चौथी फेकू नकोस!"

"नाही गं, फेकत नाही!"

विल्फ्रिदोनंच आदल्या दिवशी मला सांगितलं होतं की रंग अस्सल उतरायचा तर खऱ्या दगडाची पूड मिसळावी लागते, आणि खाण बंद झाल्यामुळे तो दगड आता मिळत नाही. मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीवर थाप मारली. दगड मागच्या अंगणात नेऊन त्याच्या माणसांनी दोन दिवस फोडला, कुटला, चाळला. माझ्या डोक्यातली कल्पना. दहाही पायऱ्यांच्या शेवटच्या लेपात ती पूड गेली. हा चौथा रंग कचेरीनं तात्काळ पास केला.

"मागे कसला आवाज येतोय?" आईनं विचारलं होतं.

"दगड कुटताहेत, रंगासाठी."

मी खोटं बोललो नाही. फेकलीही नाही. एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाला शब्दाबाहेर न जाता बोलता येतं.

नववी

बारा ऑगस्टला काम पुरं झालं. दहाही पायऱ्या समान. गवंड्याची पाणसळ लावून बघितली, बुडबुडा मधोमध. एलियटला खरोखर भरून आलं. मार्व्हा फाटकाशी उभी राहून बराच वेळ बघत होती.

"सुंदर झालंय," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचं घर असल्यासारखं."

दहावी

चौदा ऑगस्टला रस्ता बंद होता. टेबलं मांडली होती, नारळाचा पाव होता, तळलेले मासे होते, टॉलिव्हरबाईंचा कोबीचा प्रकार होता, तो सगळेजण ताटात घेऊन फिरत होते. पाद्रीबाबांनी प्रार्थना आटोपती घेतली. दहा आठवड्यांनी आमचं वरचं दार उघडलं आणि आई दहाव्या पायरीवर आली. जांभळा झगा, पांढरी टोपी, पांढरे हातमोजे. साठ-सत्तर माणसांनी टाळ्या वाजवल्या.

मी हात पुढे केला. "बाजूला हो," ती म्हणाली. "मला माझ्या घरातून उतरता येतं."

उतरली. कठड्याला एक हात, मान ताठ. दुसरीवर पोहोचली, वळली, आणि बसली.

म्हणजे बसायला गेली. शरीर जिथे टेकायला हवं तिथे ते टेकलं नाही, आणखी दीड इंच खाली गेलं. धप्प. टोपी पुढे डोळ्यांवर आली. लोक हसले, प्रेमानंच हसले. तिनं टोपी सारखी केली. मग उजव्या हाताचा मोजा काढला आणि तळहात पायरीवर ठेवला. कडेवरून फिरवला. मधल्या, झिजून पडलेल्या खळगीशी थांबायची सवय होती त्या हाताला. तिथे खळगी नव्हती.

"कुठाय?" तिनं विचारलं.

चौथी

"कार्लाइल, बस इथे."

मी तिच्या शेजारी बसलो. खाली कोणीतरी गाणी लावली होती, टॉलिव्हरबाई नाचत होत्या, आमच्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं.

"मी फेकली नाही आई," मी म्हणालो. आणि मग काय केलं ते सांगितलं. सांगताना माझं ते हुशार वाक्य मला स्वतःलाच ऐकू आलं: रंग अस्सल उतरायला.

तिनं हातमोजा घडी करून मांडीवर ठेवला.

"मी शिवणकाम करायचे असं तुम्हाला सांगत आले," ती म्हणाली. "शिवणकाम नंतरचं. या देशात आले तेव्हा पहिली सहा वर्षं मी पार्कजवळच्या एका बाईंच्या घरी कामाला होते. दर शनिवारी त्यांचा जिना घासायचा. ब्रश, बादली, सोडा. वरून खाली. दहा पायऱ्या. चौथीला आलं की कंबर मोडायची. वाटायचं, आता ही काही संपत नाही. आणि घासून झालं की आत जायचं जिन्याखालच्या दारानं. वरून नाही. सहा वर्षं घासला तो जिना, एकदाही त्याच्यावरून दारात गेले नाही."

मी कठड्यावरून खाली जिन्याखालच्या दाराकडे पाहिलं.

"सत्तावन्नला ती अख्खी रांग पाडायला काढली. डार्न्ली कोळशाचा ट्रक घेऊन गेला. त्यानं मला विचारलं, कुठली आणू? म्हटलं, चौथी. गवंडी म्हणाला, अहो गिटन्स, ही बसत नाही, दीड इंच उंच आहे. डार्न्ली म्हणाला, असू दे. लोकांना पाय उचलू दे." ती थोडी हसली. "मला म्हणाला, हिनं तुला वाकवलं ना, आता हिच्यावर बस. बासष्ट वर्षं, बाळा. पोस्टमन, पाद्री, विम्याचा माणूस, सगळ्यांना त्या पायरीला पाय उचलावा लागला."

"तू सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"हो. सांगायचं होतं." तिनं एवढंच म्हटलं, आणि तेच मला सर्वांत जास्त लागलं. ती चिडली असती तर मी बचाव केला असता. "लाज वाटायची. तुम्ही सगळे शिकलात, कचेऱ्यांत बसलात. म्हटलं, कशाला."

मग ती कठड्याला धरून उठली. मान वर करून पायऱ्या बघितल्या. पहिली ते दहावी, उन्हात सगळ्या सारख्या तपकिरी.

"म्हणजे ती आता सगळ्यांत आहे म्हणतोस?"

"हो."

"सगळ्या दहात?"

"हो आई."

"म्हणजे आता सगळ्याच घासाव्या लागतील," ती म्हणाली, आणि टोपी सावरत केक कापायला गेली.

पुन्हा पहिली

शनिवारी सकाळी मी घासतो. ब्रश, बादली, सोडा. कोणी सांगितलं नाही. पहिल्या शनिवारी मी खालून सुरुवात केली तेव्हा वरून आवाज आला, "वरून खाली ये! एवढंही कळत नाही?" ती आता स्वयंपाकघरातली खुर्ची दारात, दहाव्या पायरीच्या वर मांडून बसते. चौथीवर पुन्हा बसली नाही. सांगून पाहिलं, उशी देऊ का विचारलं. "ती ती नाही," म्हणाली. चौथीशी येतो तेव्हा माझी कंबर खरोखरच मोडते. आईची गोष्ट ऐकून मला वाटलं होतं, तो त्या दगडाचा दोष असेल.

मे महिन्यात पाहुणे आले. मी बो-टाय लावला नाही. दगड, नदी, पापुद्रे, इस्त्री केलेला शर्ट, सगळं सांगितलं. जिन्यापाशी आलो तेव्हा म्हणालो, "हा जिना गेल्या वर्षीचा आहे. आधीचा माझ्या वडिलांनी बांधला होता. तो जास्त चांगला होता." कोणी हसलं नाही. पाहुणे सरळ चढून गेले, एकही अडखळला नाही.

"चौथी सोड" असं आता आई ओरडत नाही. पण पोस्टमन अजून तिथे आला की पाय जास्त उचलतो आणि तो उचललेला पाय रिकामा खाली येतो. पाद्रीबाबांचंही तसंच. मार्व्हाचं, टॉलिव्हरबाईंचं, माझं. आई वरून बघत असते. कोणाचा पाय तिथे दीड इंच जास्त उचलला गेला की तिची मान किंचित हलते, हजेरी घेतल्यासारखी.

पोस्टमन पुढच्या वर्षी निवृत्त होतोय.